ब्रेकरचा कॉन्टॅक्ट रेझिस्टन्स मोजताना
हाय व्होल्टेज ब्रेकरचे कॉन्टॅक्ट (वीज जोडणारे-तोडणारे धातूचे भाग) कसे आहेत हे मल्टिमीटरला कळत नाही. त्यांच्या रेझिस्टन्सचे, म्हणजे रोधाचे, आकडे मायक्रोओहममध्ये (ओहमच्या दहा लाखाव्या भागात) असतात. ब्रेकर आयसोलेट (लाइनपासून वेगळा) आणि अर्थ (जमिनीशी जोडलेला) केल्यावर किमान 50, शक्यतो 100 अँपिअर डीसी देणारा मायक्रोओहममीटर जोडा. व्होल्टेजच्या क्लिपा करंटच्या क्लिपांच्या आतल्या बाजूला हव्यात, नाहीतर क्लिपांच्या जोडाचा रोधही मोजला जातो. रीडिंग जास्त आलं म्हणून लगेच ब्रेकर खोलायला धावू नका. आधी दोन-चार वेळा ऑन-ऑफ करून पुन्हा मोजा. ऑक्साइडचा पातळ थर बऱ्याचदा तेवढ्यानेच घासून निघतो. मग तिन्ही फेज एकमेकांशी आणि कारखान्यातल्या रीडिंगशी ताडून पाहा. एसएफ-6 (सल्फर हेक्झाफ्लोराइड वायूच्या) ब्रेकरमध्ये मात्र हा आकडा मुख्य कॉन्टॅक्टचाच. आर्किंग कॉन्टॅक्ट (ब्रेकर उघडताना ठिणगी झेलणारा) किती झिजलाय, ते ब्रेकर उघडत असताना घेतलेल्या डायनॅमिक चाचणीत दिसतं.