कंपनी बुडाली, दुनळी उरली: जुनी बंदूक घेण्याआधीची तयारी

तयारी बंदुकीपासून नाही, काडतुसापासून सुरू करायची. हे मला उशिरा कळलं. प्रभात रोडवरच्या एका काकांनी बर्मिंगहॅमची बारा बोअर (बोअर म्हणजे नळीच्या रुंदीचं माप) दुनळी विकायला काढली आहे असं समजलं, आणि मी दुसऱ्याच दिवशी त्यांच्या दिवाणखान्यात हजर. चहा झाला, पेटी उघडली, अक्रोडाच्या दस्त्यावरून हात फिरवला आणि मनातल्या मनात व्यवहार करून मोकळा झालो. पुढचे चार महिने त्या घाईची फेड करण्यात गेले. तुमच्यावर ती वेळ येऊ नये म्हणून लिहितो आहे. तुमच्याकडे चालू शस्त्र परवाना आहे असं धरून चाललो आहे. नसेल तर आधी तो, मग हे.

काडतूस आधी का, ते सांगतो. जुन्या इंग्लिश दुनळ्यांची चेंबर, म्हणजे काडतूस बसतं ती जागा, बहुतेक वेळा अडीच इंचांची असते, म्हणजे ६५ मिलिमीटर. आज बाजारात ७० मिलिमीटरची काडतुसं सर्रास मिळतात. गंमत अशी की ७० चं काडतूस ६५ च्या चेंबरमध्ये बसतं. काडतुसाची लांबी मोजतात ती बार उडाल्यावर, तोंड उघडल्यानंतरची. दुमडलेल्या तोंडाचं कोरं काडतूस त्याहून आखूड असतं, त्यामुळे ते निमूट आत जातं, बंदूक बंद होते आणि आपण खूश. बार काढताना मात्र तोंड उघडायला जागा नसते, ते पुढच्या निमुळत्या भागात घुसतं आणि दाब भलताच वाढतो. सत्तर-ऐंशी वर्षांच्या नळीवर हा प्रयोग करू नये. ‘बसतं म्हणजे चालतं’ हा हिशोब चपलेलाही लागू पडत नाही, काडतुसाला कुठून पडणार?

तेव्हा आधी आपल्या दुकानदाराला विचारा की कुठल्या लांबीचं काडतूस त्याच्याकडे वर्षभर मिळतं. पुणेकरांचं एक बरं आहे. खडकीचा दारूगोळा कारखाना १८६९ पासून आपल्या उशाशी आहे, आणि ‘केएफ’ छापाची बारा बोअर काडतुसं देशभर तिथूनच जातात. बंदूक बनवणारी कंपनी कधीच संपली, पण तिचं खाणं खडकीत शिजतं. खोक्यावरची लांबी तेवढी चष्मा लावून वाचा.

आता कंपनी बुडाली म्हणजे नेमकं काय झालं, तेही एकदा बघून ठेवा, कारण विकणारा इथेच हमखास गोड बोलतो. ‘अहो, कंपनी अजून आहे, नावाजलेली आहे!’ नाव असतं, पण नाव म्हणजे कारखाना नव्हे. बर्मिंगहॅमच्याच वेब्ली अँड स्कॉट कंपनीने १९७९ मध्ये बंदुका बनवणं थांबवलं. नाव एअरगनवर चालू राहिलं, पुढे हातोहात फिरलं, आणि अलीकडे त्या नावाने रिव्हॉल्व्हर बनवायचा कारखाना उत्तर प्रदेशात संडीला इथे निघाला. तुमच्या आजोबांच्या काळातल्या दुनळीची कमान, म्हणजे स्प्रिंग, तिथे मागितलीत तर ते तुमच्याकडे बघत राहतील. अमेरिकेतल्या रेमिंग्टनचंही तेच झालं. १८१६ पासूनची कंपनी २०१८ मध्ये एकदा आणि २०२० मध्ये पुन्हा दिवाळखोरीत गेली, आणि दुसऱ्या वेळी तिचे तुकडे लिलावात निघाले. तिच्याकडचं मार्लिन हे बंदुकांचं नाव रुगर कंपनीने घेतलं, काडतुसांचा धंदा तिसऱ्याने, रेमिंग्टन बंदुका चौथ्याने. वाटण्या झालेल्या वाड्यासारखं. नाव विकत घेणाऱ्यावर जुन्या बंदुकांची जबाबदारी आपोआप येत नाही. हमी, सुटे भाग, तक्रार, सगळं शून्य धरा आणि मगच किंमत बोला.

म्हणून दुसरं काम कारागीर शोधण्याचं. बंदूक ठरवायच्या आधी. दुरुस्तीलाही परवाना लागतो, त्यामुळे ओळखीचा लेथवाला कितीही हुशार असला तरी तो या कामाचा नाही. परवानाधारक दुरुस्तीवाल्याला तीन प्रश्न विचारा. इंग्रजी व्ही आकाराची पातळ कमान तुटली तर हाताने घडवून देता का? काडतुसावर आपटणारी फायरिंग पिन बनवता का? आणि दोन नळ्यांमधली पट्टी सुटली तर डाग देऊन पुन्हा बसवता का? पहिल्या दोनला ‘हो’ आलं तरी पुरे. तिसऱ्याला ‘हो’ म्हणणारा भेटला तर त्याचा नंबर जपून ठेवा, असे फार उरलेले नाहीत. पुण्यात कोणी मिळालं नाही तर कोलकात्याच्या जुन्या बंदूकवाल्यांपर्यंत जावं लागतं, आणि तेव्हा तुमच्या परवान्यावर क्षेत्र काय लिहिलं आहे ते आडवं येतं. जिल्हा, राज्य की अखिल भारत, हे आत्ताच बघा. दुकानामार्फत पाठवणं सगळ्यात सोपं.

परदेशी लोकांचा एक सल्ला कानावर येतो: बंद पडलेलं मॉडेल घेताना दोन घ्या, एक वापरायला, एक सुट्या भागांसाठी. आपल्याकडे हा सल्ला जन्मालाच येऊ शकत नाही. शस्त्र कायद्यातल्या २०१९ च्या दुरुस्तीनंतर माणशी दोनच शस्त्रं ठेवता येतात, वारसाने आलेली धरून. सुटे भाग पोस्टाने मागवणंही मोबाइलचं कव्हर मागवण्याइतकं सरळ नाही. कायद्याच्या व्याख्येत शस्त्राचे भागही शस्त्रातच येतात आणि आयातीला वेगळा परवाना लागतो.

ही दोनची मर्यादाच काकांच्या विक्रीमागे होती. त्यांच्याकडे तीन होती. तिसरं १३ डिसेंबर २०२० पर्यंत जमा करायचं होतं, ते त्यांनी एका दुकानात केलं. नंतर वय झालं, मुलगा परदेशात, म्हणून उरलेल्यांतली ही दुनळीही काढायची ठरली. ऐंशीच्या दशकापासून सामान्य माणसाला बाहेरची बंदूक आणता येत नाही, त्यामुळे देशात आहे तेवढाच इंग्लिश माल, आणि तो असा घराघरांतून निघतो. विकणारा का विकतो आहे हे जरूर विचारा. उत्तर देताना माणूस कुठे अडखळतो तेही ऐका.

कागदांचं आता. पुण्यात परवाना कोणाकडून हे तुम्ही कुठे राहता त्यावर: शहरात पोलीस आयुक्त, पिंपरी-चिंचवडला २०१८ पासून वेगळं आयुक्तालय, ग्रामीण भागात जिल्हाधिकारी. माझा परवाना नारायण पेठेच्या पत्त्यावर आणि मी बारा वर्षं वाकडला! पत्ता बदलून घेण्यातच सहा आठवडे गेले, आणि चूक शंभर टक्के माझी. तुमच्या परवान्याची मुदत (आता पाच वर्षांची असते), खरेदीसाठी दिलेली मुदत, कुठल्या प्रकारचं शस्त्र मंजूर आहे, काडतुसांचा आकडा आणि यूआयएन (परवानाधारकाचा ओळख क्रमांक), हे सगळं आधी एका कागदावर उतरवा. परवाना रिव्हॉल्व्हरचा आणि जीव दुनळीवर जडलेला, असे लोक मी पाहिले आहेत.

खासगी माणसाकडून घेताना पंचेचाळीस दिवसांचा नियम आहे. विकणाऱ्याने जिल्हा दंडाधिकाऱ्यांना किंवा जवळच्या पोलीस ठाण्याला लेखी कळवायचं, त्यात घेणाऱ्याचं नाव-पत्ता द्यायचा, आणि त्यानंतर किमान ४५ दिवस थांबायचं. काका अर्ज देऊन आले, पण पोच घ्यायची राहिली. मी सोबत होतो, माझ्याही लक्षात आलं नाही, दोघे बाहेर येऊन कॉफी प्यायलो. पोच नाही म्हणजे तारीख नाही, तारीख नाही म्हणजे पंचेचाळीस दिवस कधी सुरू झाले ते सांगता येत नाही. पुन्हा अर्ज, पुन्हा पहिल्या दिवसापासून मोजणी. शिक्का, सही आणि तारीख असलेली पोच हातात आल्याशिवाय खुर्चीवरून उठू नका. आणि मधे निवडणूक येते आहे का तेही बघा. आचारसंहितेत शस्त्र जमा करायची नोटीस आली की विकणाऱ्याची बंदूक ठाण्यात किंवा दुकानात जाऊन बसते आणि तुमची तपासणी लांबते.

तपासणीचा दिवस. इथे मात्र घाई करू नका, अख्खी सकाळ ठेवा. बंदूक हातात घेतल्याबरोबर उघडून दोन्ही चेंबर रिकामी आहेत हे डोळ्याने बघा, विकणारा साक्षात सासरा असला तरी. मग पुढचा लाकडी भाग काढा, नळ्या वेगळ्या करा आणि नळ्यांच्या खालची सपाट बाजू उजेडात धरा. खरी जन्मपत्रिका तिथे असते. मुकुटाखाली ‘एनपी’ असेल तर धूर न करणाऱ्या दारूसाठी तपासलेली नळी. चौकटीत १२ आणि सी ही चेंबरची खूण. १९२५ नंतरच्या तपासणीत चेंबरची लांबी इंचांत कोरलेली सापडते, १९५४ नंतरच्यात दाबाचा आकडा टनांत. यातलं काहीच नसेल, आणि नळीवर पाण्याच्या लाटांसारखी नक्षी असेल, तर ती दमास्कस, म्हणजे लोखंड-पोलादाच्या पट्ट्या पिळून जोडलेली जुनी नळी असण्याची शक्यता धरा. भिंतीवर फार सुंदर दिसते. आजची काडतुसं तिच्यात घालू नयेत.

मग क्रमांक. नळ्यांवरचा, खालच्या लोखंडी भागावरचा आणि पुढच्या लाकडाच्या लोखंडावरचा क्रमांक एकच हवा, आणि तोच विकणाऱ्याच्या परवान्यावर हवा. अंकाला अंक लावून बघा. मी पाहिलेल्या एका परवान्यावर बंदुकीचा क्रमांक म्हणून चक्क पेटंटचा क्रमांक चढवलेला होता आणि तीन नूतनीकरणं तशीच झाली होती. ही चूक विकणाऱ्याने त्याच्या नावावर असतानाच दुरुस्त करून घ्यायची, आपल्याकडे आल्यावर नाही. क्रमांक घासलेला, खोडलेला किंवा नळी कापून आखूड केलेली दिसली तर चहाही न पिता उठा. दोन्हींना कायद्यात वेगवेगळी कलमं आहेत आणि दोन्ही महागात पडतात.

नळ्या खिडकीकडे धरून आत बघा. उजेडाची वर्तुळं एकात एक गोल दिसली पाहिजेत. एखादं वर्तुळ चेपलेलं दिसलं तर तिथे बाहेरून पोचा आहे. काळे ठिपके म्हणजे गंजाचे खड्डे. थोडे चालतात, चेंबरजवळचे चालत नाहीत. मग माझी आवडती परीक्षा. नळ्यांच्या खालच्या हुकात सुतळी अडकवून त्या लोंबत्या धरायच्या आणि बोटाच्या पेराने हलकेच टिचकी मारायची. मधली पट्टी शाबूत असेल तर देवघरातल्या घंटेसारखा लांब नाद येतो. सुटली असेल तर फुटक्या माठासारखा ‘थप्प’. काकांच्या नळ्यांचा नाद इतका लांबला की आतून काकू विचारत्या झाल्या, ‘कोण आलंय?’

जोडून झाल्यावर पुढचं लाकूड न लावता बंदूक बंद करा आणि नळ्या डावी-उजवीकडे हलवून बघा. खुळखुळत असेल तर बिजागरी झिजलेली आहे. दुरुस्त होते, पण खर्च धरून भाव पाडा. दोन डमी काडतुसं घालून दोन्ही चाप ओढा. एक ओढल्यावर दुसरी बाजूही सुटत असेल तर बंदूक तशीच परत द्या. रिकाम्या चेंबरवर चाप ओढून दाखवणारा विक्रेता भेटला तर त्याचा हात धरा, जुन्या कमानी आणि पिना त्यानेच तुटतात. दस्त्याच्या मनगटाशी, जिथे लाकूड सगळ्यात बारीक असतं, तिथे केसासारखी तडा शोधा. नखाने कळते, डोळ्याने नाही.

घरची तयारीही आधीच: कुलूपबंद कपाट, आणि पावसाळ्यात बंदूक कापडी पिशवीत ठेवायची नाही, मुळशीकडून येणारी हवा ते कापड पिऊन घेते आणि नळीला देते. लोखंडाला बंदुकीचं तेल, लाकडाला अगदी थोडं जवसाचं. शिवणयंत्राचं तेल सगळीकडे ओतणारे पुष्कळ आहेत. ते लाकडात मुरून दस्ता काळा आणि मऊ करतं. शिकारीचं मनात असेल तर ते १९७२ च्या वन्यजीव कायद्याखाली आता बंद आहे, आणि पुतण्याच्या वरातीत बार काढायचा असेल तर त्याला आता दोन वर्षांपर्यंतची कैद आहे.

तपासणीला जाताना पिशवीत काय हवं: परवान्याची मूळ प्रत आणि दोन झेरॉक्स, आधार, छोटी टॉर्च, हातभर सुतळी, पांढरा रुमाल, दोन डमी काडतुसं, भिंग, आणि जमलं तर तो कारागीर स्वतः. त्याचा अर्ध्या दिवसाचा मेहनताना ही या व्यवहारातली सगळ्यात स्वस्त रक्कम. मी हे सगळं नेलं होतं, वाचायचा चष्मा सोडून. क्रमांक वाचायला काकूंचा मागून घेतला. तो नाकावर ठेवून वाचला तर परवान्यावर तीन होता आणि नळीवर आठ.