हार्ड लिंक करताना सिमलिंक मध्ये आली तर

नोकरीच्या पहिल्या वर्षी माझ्याकडे एक छोटं साधन लिहायला आलं. रिलीजच्या फोल्डरचा स्नॅपशॉट (त्या क्षणाची नोंद) घ्यायचा, पण जागा वाचावी म्हणून फाइली कॉपी न करता हार्ड लिंक करायच्या, म्हणजे त्याच फाइलला आणखी एक नाव द्यायचं, एवढंच काम. लिहिलं मॅकवर, तपासलं मॅकवर आणि चालवलं लिनक्स सर्व्हरवर. तीन आठवडे सगळं सुरळीत होतं. मग एकदा जुना स्नॅपशॉट परत लावायची वेळ आली, तर सेटिंगची फाइल उघडेना. एलएसने फाइलींची यादी काढली की नाव दिसतंय, कॅटने मजकूर वाचायला गेलं की 'नो सच फाइल ऑर डिरेक्टरी'. अर्धा दिवस परवानग्या तपासण्यात गेला.

शेवटी एलएसला एल आणि आय हे दोन्ही पर्याय जोडले तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. परवानग्यांच्या रकान्यातलं पहिलंच अक्षर 'एल', म्हणजे ही सिमलिंक, दुसऱ्या फाइलकडे बोट दाखवणारी; लिंकची संख्या 2, आणि आयनोड क्रमांक (फाइल सिस्टिममधली फाइलची ओळख) मूळ सिमलिंकचाच. म्हणजे हार्ड लिंक फाइलला नव्हे, खुद्द सिमलिंकला झाली होती. सिमलिंकच्या पोटात असतो फक्त एक पत्ता. माझ्या सिमलिंकमधला पत्ता सापेक्ष होता, 'एक फोल्डर वर जा, मग शेजारच्यात' असा. असा पत्ता सिमलिंक जिथे आहे तिथून मोजला जातो. स्नॅपशॉटच्या जागी ते शेजारचं फोल्डर नव्हतंच.

मॅकवर हे का दिसलं नाही? कारण तिथला लिंक हा सिस्टिम कॉल (ऑपरेटिंग सिस्टिमकडे केलेली विनंती) सिमलिंकच्या मागे जाऊन खऱ्या फाइलला हार्ड लिंक करतो. लिनक्स 2.0 पासून मागे जात नाही. पॉसिक्स या युनिक्ससारख्या सिस्टिमच्या मानकाच्या 2001 च्या आवृत्तीनुसार मागे जायला हवं होतं. 2008 मध्ये मानकानेच माघार घेतली आणि हा निर्णय प्रत्येक सिस्टिमवर सोडला. थोडक्यात, दोघांपैकी कुणीही चुकत नाही. चूक गृहीत धरणाऱ्याची, म्हणजे माझी.

त्याच आवृत्तीत लिंकऍट हा कॉल आला. त्याला 'एटी सिमलिंक फॉलो' हा फ्लॅग दिला तर मागे जा, शून्य दिलं तर जाऊ नको, असं स्पष्ट सांगता येतं. नव्या कोडमध्ये साधा लिंक कॉल मी वापरतच नाही. कमांड लाइनवर लिंक बनवणाऱ्या एलएनचे कॅपिटल एल आणि कॅपिटल पी हे पर्याय तेच काम करतात. रस्ट या प्रोग्रॅमिंग भाषेतली हार्ड लिंक करणारी फंक्शन शक्य तिथे मागे जात नाही. पायथनमध्ये 3.3 पासून त्यासाठी पॅरामीटर आहे, पण तिथे सावध राहा: मूळ किंमत 'ट्रू' असूनही लिनक्सवर बराच काळ सिमलिंकलाच लिंक व्हायची. डॉक्युमेंटेशन वाचून थांबू नका, चालवून बघा.

आता नेमकं काय हवं? माझ्या मते स्नॅपशॉटला सिमलिंक आहे तशीच ठेवावी. मागे गेलात तर फोल्डरबाहेरची फाइल आत येते आणि हार्ड लिंक ही काही प्रत नाही. कुणी मूळ फाइल जागेवरच बदलली की स्नॅपशॉटही बदलतो. शिवाय सिमलिंक डिरेक्टरीकडे बोट दाखवत असेल, तर मागे जाणारा कॉल थेट नकार देतो, कारण डिरेक्टरीला हार्ड लिंक सहसा करू देत नाहीत.

पण सगळ्याच फाइल सिस्टिम सिमलिंकला हार्ड लिंक करू देतात असं नाही. तिथे पर्याय सोपा आहे: सिमलिंकमधला पत्ता रीडलिंक या कॉलने वाचायचा आणि त्याच पत्त्याची नवी सिमलिंक बनवायची. आयनोड वेगळा होईल, वागणूक तीच राहील. सिमलिंक आहे का हे विचारताना फाइलची माहिती देणाऱ्या कॉलपैकी एलस्टॅट वापरा; स्टॅट मागे जातो आणि उत्तर चुकतं. (हे मी दोनदा केलंय.)

टेस्ट चार ओळींची आहे: एक फाइल, तिची सिमलिंक, सिमलिंकला हार्ड लिंक, मग तिघांचे आयनोड एलस्टॅटने ताडून बघायचे. ती आमच्याकडे आता मॅक आणि लिनक्स दोन्हीवर प्रत्येक बदलानंतर चालते. त्या सेटिंगच्या फाइलचं म्हणाल, तर ती सिमलिंक काढून खरी फाइलच रिलीजच्या फोल्डरात ठेवली.