पहिली ४० किलोमीटरची एन्ड्युरन्स राइड: घोडा धडधाकट परत आणायचा कसा

एन्ड्युरन्स म्हणजे घोड्यावरून लांब पल्ल्याची स्पर्धा. तिच्यात पहिला आलेला घोडासुद्धा शेवटच्या पशुवैद्यकीय तपासणीत नापास झाला तर बाद होतो. त्यामुळे पहिल्यांदा उतरणाऱ्याने नंबराचा विचार बाजूला ठेवावा. बहुतेक नवखे बाद होतात ते नाडी वेळेत खाली न आल्याने किंवा घोडा लंगडल्याने, आणि दोन्हींचं मूळ सहसा पहिल्या दहा किलोमीटरच्या घाईत असतं.

नियमित रपेटीत असलेल्या घोड्यालाही तयारीला किमान तीन महिने द्या. आठवड्यातून तीन-चार दिवस काम, त्यातली एक रपेट लांबची. अंतर वाढवाल त्या आठवड्यात वेग वाढवू नका. घोड्याचा दम काही आठवड्यांत वाढतो, पण पायाच्या कंडरा (स्नायू हाडाला बांधणारे दोर) आणि हाडं भक्कम व्हायला कित्येक महिने लागतात. घोडा जोशात दिसतो म्हणून पळवला की पाय सुजतात, ते याच फरकामुळे. शेवटची मोठी रपेट, २५ ते ३० किलोमीटरची, स्पर्धेच्या दोन आठवडे आधी उरका. नालबंदी आठ-दहा दिवस आधी करून घ्या, म्हणजे एखादा खिळा टोचत असेल तर कळायला वेळ मिळतो. नवं खोगीर, नवा गाशा किंवा नवा तंग (खोगीर बांधायचा पोटाखालचा पट्टा) स्पर्धेच्या दिवशी पहिल्यांदा वापरायचा नाही.

नाडी मोजायला घरीच शिका. डाव्या कोपराच्या मागे, तंग बसतो त्या जागी स्टेथोस्कोप टेकवा. ‘लब-डब’ असे दोन आवाज येतात, पण ते मिळून एकच ठोका. नवखे इथेच दुप्पट मोजतात आणि घाबरतात. १५ सेकंद मोजा आणि चाराने गुणा. विश्रांतीतल्या घोड्याची नाडी मिनिटाला साधारण २८ ते ४४ असते. तपासणीची नेहमीची मर्यादा ६४, म्हणजे १५ सेकंदांत १६ ठोके. ती किती मिनिटांत गाठायची हे त्या स्पर्धेच्या नियमपत्रकात बघा.

४० किलोमीटर बहुधा दोन फेऱ्यांत असतात, मध्ये तपासणी आणि सक्तीची विश्रांती. सुरुवातीला बाकीचे घोडे उधळत सुटतात, तेव्हा पाच मिनिटं मागे थांबून मग निघा. ताशी १२ किलोमीटर म्हणजे किलोमीटरला पाच मिनिटं. घड्याळ बघून सपाटीवर संथ दुडकीत हा वेग धरा. चढावर, दगडांत आणि खोल वाळूत चालवा. दुडकीच्या तालावर खोगिरात उठबस करताना दर एक-दोन किलोमीटरला बाजू बदला, म्हणजे घोड्याच्या ज्या पुढच्या पायाबरोबर उठता तो बदला, नाहीतर तुमचा सगळा भार एकाच कर्णावरच्या पायांवर पडत राहतो.

‘तापलेल्या घोड्याला पाणी पाजू नये’ हा समज आजही पागेपागेत आहे आणि एन्ड्युरन्समध्ये तो घातक ठरतो. दिसेल त्या पाण्यावर थांबा, पिऊ द्या, आणि पाणी पिऊन झाल्यावर थोडं चालवा. घामातून पाण्याबरोबर मीठही जातं, म्हणून क्षार द्यावे लागतात. पण जो घोडा पाणी पीत नाही त्याला ते पाजू नका. तोंडावाटे दिलेलं मीठ शरीरातलं पाणी आतड्यात ओढतं आणि शोष वाढतो.

फेरीचा शेवटचा किलोमीटर चालत या. उतरा, तंग एक-दोन भोकं सैल करा. फेरीच्या शेवटी वेळ थांबते ती घोडा तपासणीला उभा केल्यावर, म्हणून धावत येऊन मिळवलेली दोन मिनिटं नाडी उतरण्याची वाट बघण्यात जातात. खोगीर उतरवून मानेखाली, छातीवर आणि पायांच्या आतल्या बाजूला पाणी ओतत राहा. थंड, वाऱ्याच्या सकाळी मात्र पुठ्ठे (मागच्या मांड्यांवरचा भाग) कोरडे ठेवून वर झूल टाका. मदतीला एक माहीतगार माणूस हवाच.

पशुवैद्य हिरडी दाबून रंग किती वेळात परत येतो ते पाहतात (दोन सेकंदांहून जास्त म्हणजे काळजी), कातडीची चिमट घेतात, आतड्यांचे आवाज ऐकतात, पाठ चाचपतात. मग घोडा दोरीने धरून सरळ रेषेत दुडकीत पळवून दाखवायचा असतो. दोरी ढिली ठेवा आणि घोड्याच्या खांद्याशेजारी पळा. दोरी आखडली की डोकं तिरकं होतं आणि धड घोडाही लंगडतोय असं वाटतं. पुढचा पाय खरंच दुखत असेल, तर तो टेकताना घोडा डोकं वर उचलतो. हे घरी कुणाला तरी पळवायला लावून नीट बघून ठेवा.

विश्रांतीत आधी पाणी, मग ओला लसूणघास किंवा भिजवलेला भुसा. घोड्याने खायचं सोडलं असेल, तर नाडी ५० असली तरी दुसऱ्या फेरीला निघू नका.

राइड संपली तरी रात्रीपर्यंत लक्ष ठेवा: चारा खातो का, लीद पडते का, लघवीचा रंग काय. कॉफीसारखी लघवी आणि दगडासारखे पुठ्ठे दिसले, तर घोड्याला एक पाऊलही न चालवता पशुवैद्याला बोलवा. दुसऱ्या दिवशी सकाळी खोगिराची जागा आणि तंगाखालची कातडी हाताने चाचपा, चारही पाय गरम आहेत का ते बघा आणि मगच घोडा गाडीत चढवा.