चामड्याची पहिली बॅग: क्रम चुकवू नका

कापडावरची चुकलेली शिलाई उसवता येते, इस्त्री फिरवली की खुणाही जातात. चामड्यात आरी एकदा आरपार गेली की ते भोक कायमचं. मी कापड शिवण्याकडून चामड्याकडे वळले, त्यामुळे हा फरक मला फार महत्त्वाचा वाटतो. टाके घालायला हात दोन-तीन दिवसांत सरावतो. खरं कौशल्य लागतं ते कुठलं काम आधी आणि कुठलं नंतर हे ठरवायला. पुढे जे लिहिलंय ते त्याच क्रमाने वाचा आणि त्याच क्रमाने करा.

पहिल्यांदा करायला मी सुचवते ती बॅग लहान आहे: खांद्यावरून तिरकी घालायची, वरून झडप येणारी, अस्तर नाही, चेन नाही. चेन लावायची तर कडा पातळ कराव्या लागतात, अस्तर लावलं की आतल्या चुका दिसत नाहीत पण दुरुस्तही करता येत नाहीत. दोन्ही पुढच्या बॅगेसाठी ठेवा. शिवण बाहेरच्या बाजूला येईल अशी करा. म्हणजे खरखरीत बाजूला खरखरीत बाजू लावून शिवायचं आणि कडा बाहेर दिसू द्यायच्या. कापडाची पिशवी आपण उलटी शिवून सुलटी करतो. दोन मिलिमीटर जाडीचं कडक चामडं तसं उलटवायला गेलं की कोपऱ्यांवर कायमच्या सुरकुत्या पडतात.

आता चामडं. झाडांच्या सालीतल्या टॅनिनने कमावलेलं, ज्याला सगळे व्हेज टॅन म्हणतात, तेच घ्या. क्रोमियमच्या क्षारांनी कमावलेलं क्रोम टॅन मऊ असतं, पाण्याला टिकतं आणि रंगांतही भरपूर मिळतं, पण त्याच्या कडा घासून चकाकत नाहीत, त्यांना वेगळा रंग थरांवर थर लावावा लागतो. शिवाय ते हाताखाली सरकतं. तुकडा कापून कड बघा: मधोमध निळसर करडी रेघ दिसली तर ते बहुधा क्रोम टॅन. व्हेज टॅनची कड साधारण तपकिरी दिसते, आणि न रंगवलेल्या पृष्ठभागावर पाण्याचा थेंब टाकला की तिथे लगेच गडद डाग उमटतो.

जाडीकडे नीट लक्ष द्या. पुढचा आणि मागचा तुकडा 2 मिमी, बाजूपट्टी (या दोन तुकड्यांना जोडणारी, बाजूंनी आणि तळाखालून फिरणारी पट्टी) 1.2 ते 1.4 मिमी, खांद्याचा पट्टा 3 मिमी. काही विक्रेते जाडी औंसात सांगतात. 1 औंस म्हणजे सुमारे 0.4 मिमी, म्हणजे 5 औंसाचं चामडं आपल्याला हवं तसं. बाजूपट्टी पातळ हवी याचं कारण कोपरा. तिला तिथे वळायचं असतं, आणि जाड पट्टी वळायला नकार देते. एकच जाडी मिळत असेल तर विक्रेत्याकडूनच पट्टी पातळ करून घ्या, हाताने एवढ्या लांबीवर सारखी जाडी काढणं नवशिक्याचं काम नाही. खांद्याचा पट्टासुद्धा तयार कापलेला घ्यावा. लांब सरळ पट्टा कापायला मोठं कातडं लागतं, आणि पट्टा नेहमी पाठीच्या कण्याला समांतर कापलेला असला पाहिजे, नाहीतर वजनाने ताणत जातो.

कातड्याचे सगळे भाग सारखे नसतात. पाठीचा भाग घट्ट आणि एकसारखा, पोटाचा भाग सैल आणि ताणणारा, मानेकडे सुरकुत्या. दोन्ही हातांनी धरून थोडं ओढून पाहिलं की लगेच कळतं. झडप सगळ्यात जास्त दिसते, तिला सगळ्यात चांगली जागा द्या. जखमेचे वण, किड्यांच्या चाव्याच्या खुणा चालतील, मला तर आवडतात, पण त्या शिवणीवर किंवा घडीवर येऊ देऊ नका.

मापं अशी. पुढचा तुकडा 24 सेंमी रुंद, 18 उंच. मागचा तुकडा आणि झडप एकसंध: 24 रुंद, 38 लांब, त्यात 18 पाठ, 6 वरचा माथा, 14 झडप. पुढच्या आणि मागच्या तुकड्यांचे खालचे कोपरे 4 सेंमी त्रिज्येने गोल करा, त्यासाठी 8 सेंमी व्यासाचं कुठलंही झाकण चालेल. झडपेचे कोपरेही तसेच. बाजूपट्टी 8 सेंमी रुंद: दोन्ही कडांचा एकेक सेंटिमीटर शिवणीत जातो, उरतात 6. तिची लांबी हिशेबाने काढता येते, पण मी दोरीने मोजते. पुढच्या तुकड्याच्या कडेपासून 4 मिमी आत शिवणीची रेघ काढा आणि त्या रेघेवरून एका बाजूच्या वरच्या टोकापासून तळावरून दुसऱ्या बाजूच्या वरच्या टोकापर्यंत दोरी ठेवा. साधारण 55 सेंमी भरेल. 58 कापा.

हे सगळं आधी पुठ्ठ्यावर करा. पुठ्ठ्याचे तुकडे चिकटपट्टीने जोडून बॅग उभी करा, जे आत ठेवायचं आहे ते ठेवा, दोरी बांधून खांद्यावर अडकवा. झडप आखूड वाटते का, हात आत नीट जातो का, पट्टा किती लांब हवा, हे आत्ता कळतं. पट्ट्याला दोन भाग लागतात, एक लांब भोकांचा आणि एक आखूड बक्कलचा. तुमच्या अंगावरच्या दोरीवरून दोन्ही मोजा. पुठ्ठ्यावर पाव तास जास्त गेला तरी चालेल.

कापायला महागडी सुरी नको. टोक तोडता येणारा साधा कटर, स्टीलची पट्टी आणि कापायची मॅट पुरे. एकाच दाबात कापायचा प्रयत्न करू नका. पहिला हात हलका, फक्त रेघ उमटवणारा, मग त्याच रेघेतून दोन-तीन वेळा. पातं चामड्यात अडखळायला लागलं की टोक तोडा. बोथट पात्याला जोर लागतो आणि जोर लावला की हात घसरतो. गोल कोपऱ्यावर सुरी स्थिर ठेवून चामडं फिरवा.

कापून झालं की शिवायची घाई येते. इथे थांबा. बॅग जुळल्यावर ज्या कडांपर्यंत हात नीट पोचणार नाही त्या आता पूर्ण करायच्या: पुढच्या तुकड्याची वरची कड, झडपेची तिन्ही बाजूंची कड आणि बाजूपट्टीची दोन्ही टोकं. बाजूपट्टीच्या टोकांआधी एक काम आहे. पट्टी क्लिपा लावून कोरडीच पुढच्या तुकड्याभोवती बसवून पाहा, तळाच्या मध्याची खूण दोन्हीकडे जुळवा, मग वर जास्तीचं जे उरेल ते कापा. कड पूर्ण करायची ती त्यानंतर.

कडेचं काम हा माझा सगळ्यात आवडता भाग, म्हणून त्याबद्दल जरा सविस्तर. एज बेव्हलरने वरचा आणि खालचा कोना काढून टाका, म्हणजे कड गोलसर होते. मग 240 आणि 400 नंबरच्या पॉलिश पेपरने घासा, आडवं नको, कडेच्या दिशेने. रंग द्यायचा असेल तर आता. त्यानंतर कड पाण्याने किंवा ट्रॅगकॅन्थ डिंकाने किंचित ओलसर करा आणि खाच असलेल्या लाकडी दांड्याने भरभर घासा. दाबापेक्षा वेग महत्त्वाचा. घर्षणाच्या उष्णतेने तंतू बसतात आणि कड हळूहळू काचेसारखी होते. पाणी जास्त झालं तर कड चेपते आणि छत्रीसारखी बाहेर पसरते. लागलीच चमक आली नाही तर वाळू द्या, पुन्हा पेपर, पुन्हा डिंक. तिसऱ्या फेरीला जी कड मिळते ती पहिल्या फेरीला मिळत नाही.

ओल्या व्हेज टॅनबद्दल दोन गोष्टी लक्षात असू द्या. त्यावर नखाची खूण उमटते आणि राहते, म्हणून अंगठ्या काढा. आणि लोखंड लागलं तर टॅनिनशी प्रक्रिया होऊन काळा डाग पडतो, तो सहजी जात नाही. ओल्या चामड्यावर लोखंडी वजन, लोखंडी क्लिपा, लोखंडाचा कीस काही ठेवू नका.

आता पट्ट्याचे कान. सगळं वजन इथे येतं. 2 सेंमी रुंद, 10 सेंमी लांब अशा दोन पट्ट्या रिंगमधून दुमडून बाजूपट्टीच्या टोकांवर लावायच्या. बाजूपट्टी पातळ आहे, म्हणून आतून 4 सेंमीचा जाड चामड्याचा तुकडा आधाराला चिकटवा. चारही बाजूंनी चौकोनी शिवण घाला आणि मध्ये एक तांब्याचा रिव्हेट. नुसत्या रिव्हेटवर विसंबू नका, भोकाभोवतीचं चामडं कालांतराने फाटतं. हे काम बाजूपट्टी सपाट असतानाच करा. बॅग जोडल्यावर आत हातोडी फिरवायला जागा उरत नाही.

भोकं पाडायला 4 मिमी अंतराची दातेरी छिन्नी, दोन दातांची एक आणि चार किंवा सहा दातांची एक. डिव्हायडर 4 मिमीवर ठेवून कडेने रेघ ओढा. तळाच्या मध्यापासून सुरुवात करून एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे जा, म्हणजे दोन्ही बाजू सारख्या होतात. प्रत्येक वेळी छिन्नीचा पहिला दात आधीच्या शेवटच्या भोकात ठेवायचा. गोल कोपऱ्यावर फक्त दोन दातांची. छिन्नी अगदी उभी धरा, तिरकी गेली तर मागची भोकं रेघ सोडून भटकतात. हातोडी नायलॉनची किंवा लाकडाची, लोखंडी हातोडीने छिन्नीचं डोकं खराब होतं.

पुढच्या आणि मागच्या तुकड्यांना भोकं पाडा, बाजूपट्टीला मात्र पाडू नका. अनेकजण तिन्ही तुकड्यांना आधी भोकं पाडून त्यांची संख्या जुळवायच्या मागे लागतात आणि कोपऱ्यावर अडकतात. त्याऐवजी बाजूपट्टीच्या लांब कडांपासून 1 सेंमीवर रेघ काढा, स्पंजने ओलसर करून त्या रेघेवर कडा बाहेर दुमडा, कोपऱ्याचा भाग हाताने वळवून आकार द्या आणि वाळू द्या. मग कॉन्टॅक्ट अॅडेसिव्हचा 8 मिमी पट्टा पुढच्या तुकड्याच्या आणि बाजूपट्टीच्या जुळणाऱ्या कडांना लावा, खिडकी उघडी ठेवून. बोटाला चिकटेनासं झालं की जोडा: आधी तळाचा मध्य, मग एक कोपरा, मग दुसरा, शेवटी दोन्ही बाजू वर. आता आरीने पुढच्या तुकड्याच्या प्रत्येक भोकातून बाजूपट्टीत भोक पाडत जा, मागे बुचाचा तुकडा धरून. आरीचं पातं भोकाच्या तिरकेपणाशी जुळवा.

शिवण दोन सुयांची. 0.8 मिमी मेणवलेला दोरा, शिवणीच्या चौपट लांब. म्हणजे एका बाजूला 220 सेंमी. एवढा दोरा हाताला जड जातो, म्हणून त्याचे दोन भाग करून तळाशी दोन भोकांत दोन्ही दोऱ्यांचे टाके एकमेकांवर येऊ द्या. दोन्ही टोकांना बोथट सुया. पहिल्या भोकातून दोरा घालून दोन्ही बाजू समान करा. तोंडाशी दोन टाके दुहेरी घाला. पुढे प्रत्येक भोकात उजवी सुई आधी, मग डावी सुई त्याच भोकात पहिल्या दोऱ्याच्या मागून. डावी सुई घालताना उजवा दोरा किंचित ओढून ठेवा, म्हणजे सुई त्याला टोचत नाही. दोन्ही हात सारखे ओढा. क्रम कुठेच बदलू नका. टाके एकसारखे तिरके दिसतात ते या सातत्यामुळे. या शिवणीत प्रत्येक भोकातून दोन दोरे जातात, त्यामुळे एक तुटला तरी दुसरा धरून ठेवतो. शेवटी दोन-तीन टाके उलटे घेऊन दोरा कापा, पॉलिएस्टरचा असेल तर टोक ज्योतीने वितळवून दाबा.

पुढची बाजू शिवून झाली की मागची तशीच. फक्त चिकटवण्याआधी पुढच्या आणि मागच्या तुकड्यांचे मध्य आणि वरची टोकं समोरासमोर आहेत का ते बघा. चार-पाच मिलिमीटरचा फरक इथे राहिला तर बॅग पीळ खाते आणि टेबलावर सरळ उभी राहत नाही. माथ्याची घडी ओलसर करून लाकडी फळीच्या कडेवर वळवा, तीक्ष्ण घडी नको. त्यानंतर शिवलेल्या कडा पेपरने एकसारख्या करा, बेव्हलर फिरवा आणि वर सांगितलं तसं घासा.

झडपेचं बटण शेवटी ठेवा. बॅग नेहमीच्या सामानाने भरा, झडप बंद करा, मग खूण करा. रिकाम्या बॅगेवर केलेली खूण भरल्यावर वर सरकलेली दिसते. स्क्रूचा पितळी खुंटा सर्वांत सोपा: पुढच्या तुकड्यात एक भोक, झडपेत खुंट्याच्या डोक्यापेक्षा थोडं लहान भोक आणि त्याला वरच्या बाजूने 4 मिमीची चीर. सुरुवातीला घट्ट बसतो, वापराने मोकळा होतो, म्हणून भोक मोठं करायची घाई नको.

पट्टा बसवा, कापडावर नीट्सफूट तेलाचे (गुरांच्या पायांच्या हाडांपासून काढलेलं, चामडं मऊ ठेवणारं तेल) थोडेच थेंब घेऊन पूर्ण पृष्ठभागावर एक पातळ हात फिरवा. रंग लगेच गडद होईल, त्यातला थोडा परत येतो. एक दिवस तसंच राहू द्या आणि मगच दुसरा हात द्यायचा की नाही ते ठरवा. बहुतेक वेळा लागत नाही.