कॉम्प्रेशन टेस्टचे आकडे कसे वाचावेत

जुन्या पेट्रोल इंजिनची कॉम्प्रेशन टेस्ट करणे, म्हणजे प्लगच्या भोकात गेज लावून प्रत्येक सिलिंडरमध्ये हवा किती दाबली जाते हे मोजणे, फारसे अवघड नाही. गफलत होते ती आकड्यांचा अर्थ लावताना. बहुतेक जण प्रत्येक सिलिंडरचा शेवटचा आकडा तेवढा लिहून घेतात, पण गेजची सुई तिथपर्यंत कशी पोहोचली हे पाहत नाहीत, आणि दुखणे नेमके कुठे आहे हे बऱ्याचदा तिच्या चढण्यावरूनच कळते.

आधी आकडे भरवशाचे हवेत. इंजिन नेहमीच्या तापमानाला आलेले असावे, बॅटरी पूर्ण चार्ज असावी, इग्निशन आणि पेट्रोलचा पुरवठा बंद करून सगळे स्पार्क प्लग काढलेले असावेत आणि सेल्फ मारताना एक्सलरेटर शेवटपर्यंत दाबून ठेवावा. हा शेवटचा मुद्दा मी स्वतः एकदा विसरलो होतो. चारही सिलिंडर 100 पीएसआयच्या (पीएसआय हे दाबाचे एकक) आसपास आले आणि इंजिन खोलण्याच्या तयारीला लागल्यावर लक्षात आले की थ्रॉटल, म्हणजे एक्सलरेटरने उघडणारी हवेची झडप, बंदच होता, म्हणजे सिलिंडरमध्ये पुरेशी हवा शिरतच नव्हती.

जुन्या पेट्रोल इंजिनांत साधारण 120 ते 180 पीएसआय आकडा येतो. त्या इंजिनाच्या मॅन्युअलमध्ये दिलेला आकडा अर्थातच अधिक ग्राह्य. उंचावरच्या ठिकाणी हवा विरळ असल्याने दर 300 मीटरला सुमारे 3 टक्के घट धरावी. तरीही मूळ आकड्यापेक्षा सिलिंडरांमधली तफावत मला जास्त महत्त्वाची वाटते. सर्वांत कमी आकडा सर्वांत जास्त आकड्याच्या 75 टक्क्यांखाली नसावा, असा ढोबळ नियम आहे. चारही सिलिंडर 125 वर असलेले झिजलेले इंजिन बऱ्यापैकी सुरळीत चालते, पण 150, 148, 95, 150 असे आकडे असलेले इंजिन आयडलिंगला थरथरते.

आता हा 95 चा तिसरा सिलिंडर जवळून पाहू. निरोगी सिलिंडरमध्ये पिस्टनच्या पहिल्याच दाबाला (कॉम्प्रेशन स्ट्रोकला) सुई मोठी उडी घेते आणि चार-पाच दाबांत वर जाऊन थांबते. पहिल्या दाबाला ती 40 वरच राहिली आणि पुढे 60, 75, 88, 95 अशी रखडत चढली, तर पिस्टन रिंगांवर, म्हणजे पिस्टन आणि सिलिंडरमधली फट बंद करणाऱ्या कड्यांवर, संशय घ्यावा. पहिल्या दाबालाही कमी आणि नंतरही जवळजवळ जागची हलत नसेल, तर व्हॉल्व्ह (सिलिंडरच्या आत-बाहेर जाण्याच्या वाटेवरच्या झडपा) नीट बसत नसण्याची शक्यता अधिक.

संशय पक्का करण्यासाठी प्लगच्या भोकातून चमचाभर, म्हणजे सुमारे 5 मिलिलिटर, इंजिन ऑइल सोडावे, सेल्फ मारून ते पसरू द्यावे आणि पुन्हा मोजावे. ऑइल रिंगांच्या फटी तात्पुरत्या बुजवते, म्हणून 95 चे 135 झाले तर दोष रिंगांचा किंवा बोअरचा (सिलिंडरच्या आतल्या भिंतीचा). 100 च्या पुढे गेलेच नाही तर व्हॉल्व्ह किंवा हेड गॅस्केटचा (इंजिन ब्लॉक आणि त्यावरचे हेड यांच्यामधल्या सीलचा). ऑइलने आतली जागा थोडी व्यापल्यामुळे चांगल्या सिलिंडरचा आकडाही किंचित वाढतो, त्यामुळे तुलनेसाठी एका चांगल्या सिलिंडरवरही हीच चाचणी करावी. जास्त ऑइल ओतल्यास आकडा खोटाच वाढतो.

शेजारशेजारचे दोन सिलिंडर एकदम खाली आले असतील, तर त्यांच्या मधल्या भागात हेड गॅस्केट फुटल्याची शंका आधी घ्यावी. सगळेच सारखे कमी असतील तर व्हॉल्व्ह उघडण्याची वेळ सांभाळणारा टायमिंग बेल्ट किंवा चेन एखादा दात सरकली आहे का, हे पाहावे. मॅन्युअलपेक्षा आकडा बराच जास्त आला म्हणून खूश होऊ नये. पिस्टनच्या माथ्यावर आणि हेडमध्ये साचलेल्या कार्बनमुळे जागा कमी होऊन असे होते.

दोष व्हॉल्व्हचा दिसला तरी लगेच हेड उतरवू नये. आधी त्या सिलिंडरचे टॅपेट (व्हॉल्व्ह ढकलून उघडणारे भाग) तपासावेत, कारण तिथला गॅप फारच कमी असेल तर व्हॉल्व्ह पूर्ण बंदच होत नाही आणि ॲडजस्टमेंट केल्यावर आकडा पूर्ववत होऊ शकतो. तरीही फरक पडला नाही, तर पिस्टन कॉम्प्रेशनच्या वरच्या टोकाला आणून प्लगच्या भोकातून कॉम्प्रेसरची हवा सोडावी आणि कान द्यावा: सायलेन्सरमधून फुसफुस आली तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह, कार्ब्युरेटरमधून आली तर इनलेट व्हॉल्व्ह, ऑइल भरण्याच्या तोंडातून आली तर रिंग, आणि रेडिएटरच्या पाण्यात बुडबुडे आले तर हेड गॅस्केट किंवा तडा गेलेले हेड.