लांबून गोल मारायचाय? आधी उभा पाय सुधारा

फुटबॉलमध्ये लांबून गोल मारण्याबद्दल मला मिळालेला पहिला सल्ला होता, ‘अंगातला सगळा जोर काढ.’ दुसरा होता, ‘चेंडूवर पुढे वाक.’ दोन्ही इमानदारीत पाळले आणि पुढचे दोन हंगाम माझे फटके क्रॉसबारवरून जात राहिले. गोलमागे गेलेला चेंडू ज्यानं मारला त्यानंच आणायचा असा नियम होता, त्यामुळे दमसास मात्र भरपूर वाढला.

बूट, वॉर्म-अप हे सगळं तुम्ही करताच असं धरतो. चेंडू पाच नंबरचा आणि नीट हवा भरलेला घ्या. मऊ पडलेल्या चेंडूवर सराव करून काहीही कळत नाही. सुरुवात पेनल्टी बॉक्सच्या रेषेवरून करा, म्हणजे गोलरेषेपासून 16.5 मीटरवरून. पहिल्याच दिवशी तीस मीटरवर जाऊन उभं राहू नका.

धाव

तीन-चार पावलं पुरतात, पण ती तिरकी हवीत. उजव्या पायानं मारणार असाल तर चेंडूच्या मागून, डावीकडून या. समोरून सरळ धावत येऊन लेसनं, म्हणजे बुटाच्या नाडीच्या भागानं, मारायला गेलात तर बुटाचं टोक जमिनीला घासतं. एकदा घासलं की पाय घाबरतो आणि पुढच्या वेळी आपोआप चवडा वर उचलतो. तिरकं आल्यावर अंग उभ्या पायाच्या, म्हणजे चेंडूशेजारी टेकलेल्या पायाच्या, बाजूला कलतं आणि मारणाऱ्या पायाला खाली यायला जागा मिळते. शेवटचं पाऊल सगळ्यांत लांब टाका. त्यानं मारणारा पाय मागे ताणला जातो, आणि फटक्याचा बराचसा जोर त्या ताणातून येतो.

उभा पाय

माझं घोडं अडलं होतं ते इथे, आणि बहुतेकांचं इथेच अडतं. सगळे मारणाऱ्या पायाबद्दल बोलतात. चेंडूशेजारी रोवलेल्या पायाकडे कुणी बघतही नाही.

मी तो पाय चेंडूच्या मागे टेकवत होतो. जेमतेम पाऊण वीत मागे, पण तेवढं पुरेसं होतं. उभा पाय मागे राहिला की मारणारा पाय चेंडूपर्यंत पोचतो तोवर खालून वर चढायला लागलेला असतो, त्यामुळे तो चेंडूच्या पोटाखाली बसतो. शिवाय तिथवर पाय लांबवायचा तर धड मागे टाकावंच लागतं. बघणाऱ्याला फक्त मागे गेलेलं धड दिसतं आणि तो ओरडतो, ‘पुढे वाक!’ मागे झुकणं हा ताप आहे, आजार उभ्या पायात आहे. तो पाय मागे ठेवून जबरदस्तीनं वाकलात तर चेंडू वर जाणार नाही खरा, पण जमिनीवर आपटून गोलकीपरच्या हातात अलगद जाईल. हेही मी करून बसलोय.

तर पाय चेंडूच्या बरोबर बाजूला, साधारण वीतभर अंतरावर रोवा. बुटाचा मधला भाग चेंडूच्या मध्याच्या रेषेत यायला हवा. अंतर वीतभराहून फार कमी झालं तर मारणारा पाय फिरायला जागा उरत नाही. फार जास्त झालं तर तुम्ही चेंडू मारत नाही, ओढता. पायाची बोटं जिथे मारायचंय त्या दिशेला ठेवा. ती बाहेर वळली की कंबर तिकडे फिरते आणि कंबरेमागून चेंडूही. गुडघा थोडा वाकलेला ठेवा. ताठ गुडघ्यावर सगळा भार झेललात तर दुसऱ्या दिवशी जिना उतरताना तो आठवण करून देईल.

हे मनाच्या भरवशावर सोडू नका. मला छातीठोकपणे वाटत होतं की माझा पाय शेजारीच पडतो. मग चेंडूच्या मध्यातून जमिनीवर खडूची आडवी रेघ ओढली, एक फटका मारला आणि बुटाचा ठसा बघितला. ठसा रेघेच्या बराच मागे होता. मातीचं मैदान असेल तर ठसा आपोआप दिसेल. गवतावर असाल तर मित्राला फोन देऊन बाजूनं स्लो मोशनमध्ये चित्रण करायला सांगा.

स्थिर चेंडूवर हे जमलं की पुढची पंचाईत सुरू होते, कारण सामन्यात चेंडू क्वचितच थांबलेला असतो. चेंडू तुमच्यापासून पुढे घरंगळत असेल, तर उभा पाय त्याच्या पुढे टाकावा लागतो. पाय टेकून दुसरा पाय येईपर्यंत चेंडू पुढे सरकतो आणि तेव्हा दोघं एका रेषेत येतात. चेंडू तुमच्याकडे येत असेल तर उलट करा, पाय चेंडूच्या किंचित अलीकडे टेका. यातला अंदाज वाचून येत नाही, पन्नास-शंभर फटक्यांनी येतो.

घोटा आणि स्पर्श

बोटं खाली, घोटा आवळलेला, आणि चेंडू लागायला हवा लेसखालच्या हाडावर. पाय आणि चेंडू एकमेकांना टेकलेले असतात ते सेकंदाचा जेमतेम शंभरावा भाग. तेवढ्यात सैल घोटा मागे ढकलला गेला तर तुमचा जोर चेंडूऐवजी घोट्यात जिरतो. चेंडूला खडू फासा आणि बुटावर डाग कुठे उमटतो ते बघा. डाग बोटांवर असेल तर घोटा सैल आहे. मारून झाल्यावर पाय थांबवू नका, पुढे जाऊ द्या आणि त्याच पायावर उतरा.

नेम

गोल 7.32 मीटर रुंद आणि 2.44 मीटर उंच असतो, म्हणजे रुंदी उंचीच्या बरोबर तिप्पट. डावी-उजवीकडे चुकायला जेवढी जागा आहे, तिच्या तिसराच हिस्सा वर-खाली आहे. म्हणून लांबून खाली मारा, खांबाच्या आतल्या बाजूला. खाली आलेला चेंडू गोलकीपरच्या पुढ्यात टप्पा घेतो, कुणाच्या पायाला लागून दिशा बदलतो, हातातून सुटून तुमच्याच साथीदारापुढे पडतो. वरून गेलेल्या चेंडूवर फक्त समोरच्या संघाला गोल किक मिळते.

मुलं हमखास विचारतात ते ब्राझीलच्या रॉबर्टो कार्लोसच्या फटक्याबद्दल. 1997 मध्ये फ्रान्सविरुद्ध त्यानं सुमारे 35 मीटरवरून डाव्या पायाच्या बाहेरच्या बाजूनं मारलेली, समोर उभ्या खेळाडूंच्या भिंतीच्या बाहेरून वळून खांबाला लागून आत गेलेली ती फ्री किक. अप्रतिम आहे, यूट्यूबवर हवी तितकी बघा. पण दहातले सात फटके सरळ आणि खाली जाईपर्यंत वळवायच्या भानगडीत पडू नका.

किती आणि कसं

आधी सत्तर टक्के जोरानं मारा. नेम टिकला तरच जोर वाढवा, टिकला नाही तर दोन मीटर पुढे या. पूर्ण ताकदीचे पंचवीसेक फटके झाले की थांबा. त्यानंतर उभा पाय आळशी होतो आणि तुम्ही चुकीचंच घोटत बसता. वर जांघेचा स्नायू दुखावला की महिनाभर बाकावर. घोट्याला वजन बांधून किक मारण्याचा सल्ला कुणी दिला तर हसून सोडून द्या, त्यानं फटक्याची लय बिघडते आणि गुडघ्याला ताण बसतो. ताकद हवी असेल तर ती मैदानाबाहेर कमवा: एका पायावरचे स्क्वॉट, मांडीच्या मागच्या आणि आतल्या स्नायूंचे व्यायाम, आणि पोटाचेही.

खडूची रेघ मी अजूनही दर दोन-तीन आठवड्यांनी ओढतो. गेल्या वेळी ठसा पुन्हा दोन बोटं मागे निघाला.