क्रॉलरचा व्हीलबेस आणि लिंकची लांबी ठरवताना या चुका टाळा

रिमोटवर चालणारा क्रॉलर (दगड-धोंड्यांवरून सावकाश चढणारी छोटी गाडी) उभ्या चढावर मागे कलंडू लागला, की आपल्यापैकी बहुतेक जण सर्वांत आधी लांब लिंकचा, म्हणजे ॲक्सल (चाकांचा आस) चॅसिसला (गाडीच्या सांगाड्याला) जोडणाऱ्या दांड्यांचा, संच मागवतात. व्हीलबेस, म्हणजे पुढच्या आणि मागच्या ॲक्सलमधले अंतर, वाढवणे हा उपाय चुकीचा नाही. परंतु तो पहिला उपाय नक्कीच नव्हे, कारण त्याने मिळणारा लाभ थोडा असतो आणि तो करताना चांगल्या चालणाऱ्या दोन-तीन गोष्टी बिघडतात. येथील सर्व आकडे १/१० प्रमाणातील, १.९ इंची रिमच्या गाड्यांसाठी आहेत.

एक साधा हिशेब करून पाहू. व्हीलबेस ३१३ मिमी आहे, गुरुत्वमध्य जमिनीपासून ९० मिमी उंच आहे आणि वजन पुढे-मागे निम्मे-निम्मे विभागलेले आहे, असे समजा. अशी गाडी सुमारे ६० अंशांच्या चढावर मागच्या चाकांवरून उलटते. बॅटरी पुढे नेऊन आणि पुढच्या ॲक्सलवर पितळी वजने बसवून तेच प्रमाण ६०:४० केले, तर ही मर्यादा ६४ अंशांवर जाते. याच गाडीचा गुरुत्वमध्य आणखी १० मिमी खाली आणला, तर ती जवळजवळ ६७ अंश होते. आता हीच ६०:४० वजनाची गाडी ९० मिमी गुरुत्वमध्यावर ठेवून केवळ व्हीलबेस ३०० वरून ३३६ मिमी केला, तर मिळतात अवघे अडीच अंश. म्हणजे ३६ मिमी लांबीने जे साधते, ते गुरुत्वमध्य १० मिमी खाली आणूनही साधते, आणि त्यासाठी गाडीचा सांगाडा हलवावा लागत नाही.

वाढवलेल्या लांबीची किंमतही मोजावी लागते. पोटाखाली ७० मिमी मोकळी जागा असलेली ३०० मिमीची गाडी सुमारे ५० अंशांचा उंचवटा पोट न टेकता ओलांडते. ३३६ मिमीला तो कोन ४५ अंशांवर येतो. पुढची चाके ४० अंश वळत असतील, तर वळणाची त्रिज्या ४६७ मिमीवरून ५२३ मिमी होते आणि दोन दगडांमधून एका दमात निघणारी गाडी मागे-पुढे करावी लागते. अमेरिकेतील युटा राज्यात मोॲब येथे वालुकाश्माचे लांब, सलग आणि पकड देणारे उतार आहेत. तिथे लांब गाडीचा फायदा दिसतो. आपल्या सह्याद्रीतला बेसाल्ट मात्र थरांचा आहे आणि झिजून त्याच्या पायऱ्या व धोंडे होतात. टेकडीवर गाडी अडते ती बहुधा पोट टेकल्यामुळे, म्हणून माझा कल आखूड व्हीलबेसकडे आहे. बॉडी (गाडीचे वरचे कवच) आवडीची असेल तर निवड आधीच झालेली असते, कारण चाक कमानीच्या मधोमध दिसले पाहिजे: ॲक्सियलच्या एससीएक्स१० टूला ३१३ मिमी, ट्रॅक्ससच्या टीआरएक्स-४ डिफेंडरला ३२४ मिमी.

दुसरी चूक मोजमापाची आहे आणि ती फार जणांकडून होते. लिंकची लांबी म्हणजे एका टोकाच्या जोडातील बॉलच्या (गोलाच्या) केंद्रापासून दुसऱ्या टोकाच्या बॉलच्या केंद्रापर्यंतचे अंतर. केवळ दांडीची लांबी नव्हे आणि रॉड एंडच्या (दांडीच्या टोकाला आट्यांनी बसणाऱ्या जोडाच्या) टोकापासून टोकापर्यंतचे अंतरही नव्हे. व्हीलबेसही गाडी हातात उचलून मोजू नये. ११० मिमीची खालची लिंक गाडी जमिनीवर असताना १० अंश कललेली असेल, तर तिची आडवी लांबी १०८ मिमी भरते; गाडी उचलल्यावर ती २५ अंश कलली, तर १०० मिमीच्याही किंचित खाली जाते. पुढचा व मागचा फरक मिळून १७ मिमी होतो आणि तेवढ्यावरून चुकीचा संच मागवला जातो. बॅटरी आणि बॉडी बसवून, शॉक (शॉक ॲब्झॉर्बर) दोन-चार वेळा दाबून सोडून, सपाट टेबलावरच मोजावे.

तिसरी चूक म्हणजे फक्त खालच्या लिंक बदलणे. ॲक्सलवर वरच्या आणि खालच्या जोडबिंदूंमध्ये उभे अंतर ३० मिमी असेल आणि खालची लिंक ६ मिमीने वाढवून वरची तशीच ठेवली, तर ॲक्सल ११ अंशांनी फिरतो. मागे आणि पुढे दोन्हीकडे पिनियनचे (ॲक्सलला गती देणाऱ्या लहान दातेरी चाकाचे) तोंड खाली झुकते, ड्राइव्हशाफ्टच्या (पिनियनपर्यंत गती आणणाऱ्या फिरत्या दांड्याच्या) जोडांचा कोन वाढतो आणि गाडी जोर लावताना थरथरू लागते. पुढच्या ॲक्सलवर कास्टरही (चाक ज्या उभ्या आसाभोवती वळते, त्याचा मागे असलेला कल) तेवढाच वाढतो. सी-हब (वळणाऱ्या चाकाचा जोड धरणारा सी आकाराचा तुकडा) फिरवून कास्टर दुरुस्त करता येतो. पिनियनचा कोन मात्र वरच्या लिंकनेच सुधारावा लागतो.

चौथ्या गोष्टीवर मी अधिक वेळ घालवणार आहे, कारण चढावर मागचे चाक उड्या मारत असेल, तर कारण बहुधा इथे सापडते. लिंकच्या लांबीपेक्षा तिची टोके कुठे बसली आहेत, हे अधिक महत्त्वाचे असते. मागच्या वरच्या आणि खालच्या लिंकच्या रेषा बाजूने पाहून पुढे वाढवल्या, तर त्या एका बिंदूत मिळतात. मागचे टायर जमिनीला टेकते तिथून त्या बिंदूतून रेषा काढून ती पुढच्या ॲक्सलपर्यंत न्यावी; तिथली तिची उंची गुरुत्वमध्याच्या उंचीच्या किती टक्के आहे, हा अँटी-स्क्वॉटचा आकडा. तो फार मोठा असेल तर जोर लावताच गाडीची मागची बाजू वर उचलली जाते आणि चाके उसळतात. फार लहान असेल तर मागची बाजू बसते आणि पुढची चाके हलकी होतात.

उदाहरणादाखल, खालची लिंक ॲक्सलवर ६० मिमी व ११० मिमी पुढे चॅसिसवर ७५ मिमी उंचीवर, तर वरची लिंक ॲक्सलवर ९० मिमी व ९० मिमी पुढे चॅसिसवर ८५ मिमी उंचीवर आहे, असे समजा. ३१३ मिमी व्हीलबेस आणि ९५ मिमी उंच गुरुत्वमध्य धरल्यास अँटी-स्क्वॉट सुमारे १७१ टक्के येतो. वरच्या लिंकचे चॅसिसकडचे टोक फक्त ६ मिमी वरच्या भोकात नेले, की तो १२७ टक्क्यांवर उतरतो. एका स्क्रूच्या जागेने इतका फरक पडत असताना नवी लिंक विकत घेण्याचे कारण उरत नाही. ही आकृती ग्राफ पेपरवर काढायला अर्धा तासही लागत नाही. एका वेळी एकच भोक बदलावे आणि त्याच दगडावर पुन्हा चालवून पाहावे.

वरच्या लिंक वरून पाहताना एकमेकींकडे पुरेशा कललेल्या असाव्यात. दोघींमधला कोन ४० अंशांच्या खूप खाली गेला, तर ॲक्सल चॅसिसखाली आडवा सरकतो. पुढे सर्व्हो (चाके वळवणारी छोटी मोटर) चॅसिसवर बसवलेला असल्यास पॅनहार्ड रॉड (ॲक्सलला आडवे सरकू न देणारी दांडी) येतो. तो आणि स्टिअरिंगची आडवी लिंक शक्यतो समान लांबीच्या व समांतर ठेवाव्यात, अन्यथा शॉक दबताच चाके आपोआप वळतात.

ड्राइव्हशाफ्टची तपासणी राहून जाते आणि मग तो टेकडीवरच निखळतो. स्प्रिंग काढून ॲक्सल पूर्ण खाली सोडावा, नंतर पूर्ण वर दाबावा आणि एक बाजू वर व दुसरी खाली, असेही करून पाहावे. सर्वांत लांब स्थितीत शाफ्टचे दोन भाग एकमेकांत पुरेसे शिरलेले असावेत आणि सर्वांत आखूड स्थितीत ते आतून टेकू नयेत. रॉड एंड लांबी मिळवण्यासाठी फार बाहेर काढलेले असतील, तर त्याच वेळी बदलून घ्यावेत. पहिल्याच कडक धक्क्याला त्यांचे आटे सुटतात.